गादीपासून भिंतीपर्यंत किती फूट?

*दादा, इतवारीत आमचं साड्यांचं जुनं दुकान आहे. आता धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडला दुसरं लावतोय, २२ फूट रुंद आणि ४५ फूट खोल. आतल्या भिंतीवर एलईडी स्क्रीन बसवायची म्हणून तीन कोटेशन्स घेतली. पहिला म्हणतो, पी २.५ भरपूर झालं. दुसरा पी १.८६ सांगतो. तिसरा म्हणतो, घ्यायचं तर पी १.२५ सीओबीच घ्या, नाहीतर दोन वर्षांत पस्तावाल. आणि त्याचा भाव पहिल्याच्या कितीतरी पट आहे. मामंजी म्हणतात, एवढ्या पैशात मोठा टीव्ही लाव आणि मोकळी हो. दुकानाची ही पहिली मोठी खरेदी माझ्या हातून होते आहे, म्हणून झोप लागत नाही. काय घेऊ? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हे टिकतं का?*

*— एक वाचक, धरमपेठ*

ताई,

तुमच्या पत्रात तिघांचे आकडे आहेत, दुकानाची लांबी-रुंदी आहे, पण सगळा निर्णय ज्या मापावर अडलाय तेच नाही. ग्राहक जिथे बसेल त्या गादीपासून स्क्रीनच्या भिंतीपर्यंत किती फूट? तिघांपैकी एकाही विक्रेत्याने हे विचारलं नसेल, तर त्यांनी तुमचं दुकान पाहिलंच नाही असं मी समजतो. उद्या सुताराकडून टेप घ्या आणि हे अंतर मोजा. गादीच्या पुढच्या कडेपासून मोजा, कारण साडी बघताना बायका पुढे सरकून बसतात.

आता हे ‘पी’ काय आहे ते. पी म्हणजे पिच, शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. पी २.५ मध्ये ठिपके अडीच मिलिमीटरवर, पी १.२५ मध्ये सव्वा मिलिमीटरवर. अंतर निम्मं झालं की ठिपके दुप्पट होत नाहीत, चौपट होतात, कारण ते आडवेही वाढतात आणि उभेही. पी २.५ च्या एका चौरस मीटरमध्ये १ लाख ६० हजार ठिपके बसतात, पी १.२५ च्या ६ लाख ४० हजार. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे. भाव का चढतो ते एवढ्यावरून कळेल. तिसरा विक्रेता तुम्हाला फसवत नाही, तो माल खरंच महाग आहे. तुमच्या भिंतीला तो हवा आहे का, हा वेगळा प्रश्न.

या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: पिच जेवढे मिलिमीटर, तेवढे मीटर हे पाहण्याचं कमीत कमी अंतर. त्याच्या आत गेलात की चित्र दाणेदार दिसतं. आणि चांगल्या नजरेच्या माणसालाही ठिपके पूर्ण मिसळलेले दिसायला त्याच्या साधारण साडेतीनपट अंतर लागतं. फुटांत सांगायचं तर पी १.२५ ला सुमारे १४ फूट, पी १.८६ ला २१ फूट आणि पी २.५ ला २८ फूट. म्हणजे तुमच्या दारात, ३५-४० फुटांवर उभ्या असलेल्या बाईला तिन्ही स्क्रीन सारख्याच दिसणार. फरक पडतो तो फक्त गादीवर बसलेल्यांना.

म्हणून माझं उत्तर असं. गादी ८ ते १० फुटांवर असेल, आणि साड्यांच्या दुकानात बहुधा तेवढीच असते, तर पी १.८६ घ्या. दुसरा विक्रेता बरोबर आहे. सुताराने गादी दाराकडे सरकवून अंतर १५ फुटांच्या पुढे गेलं, तर पी २.५ नेही काम उत्तम होईल आणि वाचलेला पैसा मी पुढे सांगतो तिथे लावा. पी १.२५ चा विचार ५-६ फुटांवरून बघणाऱ्यांसाठी करावा, सराफा ओळीतल्या एखाद्या दागिन्यांच्या काउंटरमागे किंवा डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत. तुमच्या भिंतीवर तो पैसा दिसणार नाही.

पण माझ्या शब्दावर घेऊ नका, डोळ्यांनी बघा. डेमोला जाताना विक्रेत्याचा तो समुद्र, फुलपाखरं आणि परदेशी शहरांचा व्हिडिओ बघायला बसू नका, त्यात कोणतीही स्क्रीन छान दिसते. तुमच्याच दुकानातल्या तीन साड्यांचे चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो पेनड्राइव्हवर न्या.

पहिली करवती. आपल्या विदर्भाची, भौगोलिक मानांकन मिळालेली, टसरच्या अंगाची आणि काठाला करवतीचे दात विणलेली. तिचा काठ स्क्रीनभर मोठा करा, जमिनीवर खडूने तुमच्या गादीचं अंतर आखा आणि त्या रेघेवर खुर्ची टाकून बसा. पिच अंतराला मोठा असेल तर दातांच्या तिरक्या रेषा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतील, टोक बोथट वाटेल. पिच बरोबर असेल तर दात दातासारखा दिसेल. त्याच खुर्चीवरून पी १.८६ आणि पी १.२५ दोन्ही बघा. फरक शोधावा लागला तर तो तुमच्या ग्राहकालाही शोधावा लागेल, आणि ती स्क्रीनमधले ठिपके शोधायला आलेली नसेल.

दुसरी चंद्रकळा. विक्रेत्याला ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आणायला सांगा, कारण दुकानात स्क्रीन तेवढ्यावरच चालवायची आहे. मग काळ्या साडीच्या निऱ्या बघा. हलक्या मालात कमी उजेडावर गडद छटा एकमेकींत बुडतात. निऱ्या नाहीशा होतात आणि काळ्यावर लालसर, हिरवट डाग उठतात. छटा वेगळ्या दाखवण्याच्या ताकदीला ते ग्रेस्केल म्हणतात आणि कागदावर १४ बिट, १६ बिट असं लिहितात. कागद काहीही म्हणो, चंद्रकळेची निरी दिसली पाहिजे.

तिसरी साधी पांढरी सुती, किंवा निव्वळ पांढरं चित्र. यात सांधे दिसतात. स्क्रीन अखंड नसते, छोट्या पाट्या जोडून केलेली असते. दोन पाट्यांत केसाएवढी फट राहिली तर काळी रेघ दिसते, पाट्या जास्त दाबल्या गेल्या तर उजळ रेघ. एखादी पाटी शेजारणीपेक्षा गुलाबी किंवा हिरवट आहे का तेही पांढऱ्यावरच कळतं. समोरून बघून झालं की भिंतीला चिकटून बाजूनेही बघा. तुमच्या दुकानात बाजूच्या रॅकपाशी उभे राहणारेही ग्राहक असतील.

आणि हे चालू असतानाच फोन काढून स्क्रीनचा व्हिडिओ घ्या. त्यात काळे पट्टे सरकताना दिसले तर रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करते तो आकडा, कमी आहे. ३८४० हर्ट्‌झचाच माल मागा. १९२० चा स्वस्त पडतो, पण तुमच्या दुकानात रोज कोणीतरी साडी अंगावर टाकून अमरावतीच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावणार, आणि मागे तुमची स्क्रीन पट्टे मारत असेल. नव्या दुकानाचे रील्स तर निघणारच.

मापाचं म्हणाल तर आतली भिंत २२ फूट आहे म्हणून स्क्रीन भिंतभर नको. बाजारात ६४० बाय ४८० मिलिमीटरचं कॅबिनेट, म्हणजे पाट्या बसवायची चौकट, सर्रास मिळतं. आडवी ४ आणि उभी ३ जोडली की २.५६ मीटर बाय १.४४ मीटर होते, म्हणजे साधारण साडेआठ फूट बाय पावणेपाच फूट, आणि प्रमाण नेमकं व्हिडिओचं, १६ बाय ९. खालची कड गादीपासून साडेतीन-चार फूट वर ठेवा. बसलेल्यांची डोकी आड येत नाहीत आणि लहान मुलांचे हात पोचत नाहीत. ही हातांची गोष्ट महत्त्वाची आहे. पी १.८६ चा एकेक दिवा राईच्या दाण्याएवढा असतो, पी १.२५ चा खसखशीएवढा, आणि तो पाटीवर नुसता डाख देऊन बसवलेला असतो. ओल्या फडक्याने रेटून पुसलं की कोपऱ्यातले दाणे खाली पडतात. मी ते फरशीवरून कागदावर गोळा केलेले आहेत. दुकानातल्या पोऱ्याला पहिल्या दिवशीच सांगा, स्क्रीनला फडकं लावायचं नाही. कोरडा मऊ ब्रश, तोही बंद असताना.

सीओबी यासाठीच निघालं. त्यात दिवे सरळ पाटीवर बसवून वरून सपाट थर चढवतात, त्यामुळे धक्का, धूळ, दमट हवा सगळं जास्त सोसतं आणि पुसताही येतं. चांगली गोष्ट आहे. दवाखान्यात, शाळेत, जिथे खांद्याच्या उंचीवर लोक घासून जातात तिथे मी तीच लावायला सांगेन. पण तिचा एखादा ठिपका मेला तर गावातला कारागीर डाख मारून बदलू शकत नाही, पाटी बहुतेक वेळा कारखान्याकडे जाते. चार फूट उंचीवरच्या तुमच्या भिंतीला साधा एसएमडी माल, म्हणजे एकेक दिवा डाख देऊन बसवलेला, पुरेल.

मामंजींचं म्हणणं उडवून लावू नका. ९८ इंची फोर-के टीव्ही सुमारे २.१७ मीटर रुंद असतो आणि त्याचे ठिपके ०.५७ मिलिमीटरवर असतात, तुमच्या तिन्ही कोटेशनांपेक्षा बारीक. किंमतही पुष्कळ कमी. भिंतीवर सात फुटांचीच जागा असती, तर मी तुम्हाला टीव्हीच घ्या म्हणालो असतो. पण त्याची काच आरशासारखी चकाकते आणि समोरच्या काचेच्या दाराचा उजेड त्यात दिसतो. पॅनेल फुटलं तर पूर्ण टीव्ही जातो, एलईडीत एक पाटी बदलते. शिवाय घरगुती टीव्ही दुकानात लावला तर वॉरंटी मिळेलच असं नाही, बिलावर विचारून घ्या. साडेआठ फुटांचं चित्र हवं असेल तर एलईडी. सहा-सात फुटांवर मन राजी असेल तर मामंजी बरोबर आहेत, आणि हे तुम्ही स्वतः त्यांना सांगा.

रस्त्याकडच्या काचेत स्क्रीन लावण्याचं कोणी सुचवलं तर नको म्हणा. आतल्या कामाची स्क्रीन ६००-८०० निट्सची (निट हे उजेडाचं माप) असते, दुपारच्या उन्हापुढे ती पांढुरकी पडते, आणि काचेमागे कोंडलेली हवा तिला भाजून काढते. तिथे पुतळेच बरे.

आता उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आतल्या स्क्रीनच्या कागदावर चालण्याचं तापमान बहुधा ४० पर्यंत लिहिलेलं असतं. एसी चालू असलेल्या दुकानात काही अडचण नाही. फक्त रात्रभर बंद राहून तापलेलं दुकान उघडलं की आधी एसी, वीस मिनिटांनी स्क्रीन. स्क्रीनची स्वतःची उष्णता लोक फार मोठी समजतात. तुमच्या मापाची स्क्रीन पूर्ण पांढऱ्या चित्रावर, पूर्ण उजेडात सुमारे २ किलोवॅट खाईल, पण रोजच्या चित्रांना त्याचा तिसरा हिस्सा धरा, ६००-७०० वॅट. दहा तासांना ६-७ युनिट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे तुमच्या एसीवरचा जादा भार पाव टनाच्याही आतच. भिंत आणि स्क्रीन यांत हवेला जागा ठेवा, पीओपीवाल्याने चारी बाजूंनी गच्च बंद केलं तर मात्र हा हिशेब मोडतो.

उन्हापेक्षा मला भीती कूलरची वाटते. नव्या दुकानात एसी असूनही उद्घाटनाला किंवा लग्नसराईच्या गर्दीत मागच्या दारात कूलर आणून लावायची आपली सवय आहे. त्याच्या हवेत पाण्याचा अंश असतो आणि पाण्यातले क्षार असतात. तो झोत स्क्रीनवर गेला तर दिव्यांच्या पायांवर पांढरं बसतं, आणि मग एकेक ठिपका मरायला लागतो. कूलर ठेवायचाच तर तोंड दुसरीकडे. पावसाळ्यात उलट काळजी: स्क्रीन आठवडाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ तरी चालवा. गावाला जाऊन आलात तर पहिले दोन-तीन तास मंद उजेडावर चालवून आतली ओल निघू द्या, मग वाढवा.

वायरिंगचं काम थोडक्यात. स्क्रीनला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, आणि चांगलं अर्थिंग. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजायला लावा, २-३ व्होल्टच्या वर गेलं तर आधी तेच दुरुस्त करा. लाइट जाऊन झटक्यात येते तेव्हा सगळे पॉवर सप्लाय एकदम ओढ घेतात, म्हणून टप्प्याटप्प्याने चालू होणारा डिस्ट्रिब्युशन बॉक्स मागा. यूपीएसवर फक्त स्क्रीनला चित्र पाठवणारे कंट्रोलर आणि प्लेअर टाका, पूर्ण स्क्रीन नाही. फ्रेमसकट वजन शंभर किलोच्या आसपास जाईल, तेव्हा बोल्ट विटेच्या भिंतीत, प्लायच्या पार्टिशनमध्ये नाही. आणि दुरुस्ती पुढून होणारीच स्क्रीन घ्या, कारण भिंतीमागे जायला तुमच्याकडे वाट नाही.

वाचलेला पैसा कुठे लावायचा ते आता सांगतो, आणि हे मी चूक करून शिकलेलो आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही स्क्रीन बसवली. मालकाने जादा पाट्या घ्यायला नको म्हटलं आणि मी जोर धरला नाही. दीड वर्षाने डेकोरेटरची शिडी कोपऱ्यावर आपटली, दोन पाट्या गेल्या. त्याच कंपनीच्या, त्याच पिचच्या दोन पाट्या मागवून लावल्या, आणि पांढरं चित्र टाकलं तर कोपऱ्यात दोन गुलाबी चौकोन. दिव्यांची प्रत्येक बॅच रंगाने थोडी वेगळी निघते, आणि जुने दिवे चालून चालून थोडे मंदावलेले असतात. रात्री लग्न होतं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पांढऱ्या अंतरपाटावर, स्क्रीनमध्ये, ते दोन चौकोन मी मागे उभा राहून बघत होतो. मालक काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून तुमच्या ऑर्डरमध्येच, त्याच बॅचच्या जादा पाट्या लिहून घ्या. तुमच्या स्क्रीनला ३२० बाय १६० मिलिमीटरच्या ७२ पाट्या लागतील. आणखी ५ घ्या, सोबत २ पॉवर सप्लाय आणि १ रिसिव्हिंग कार्ड, म्हणजे पाट्यांना चित्र पोचवणारं कार्ड. हे सगळं कपाटात कोरड्या जागी, मूळ खोक्यात ठेवा. पी १.२५ सोडून पी १.८६ घेतल्यावर वाचणाऱ्या पैशाचा हा अगदी छोटा भाग आहे. वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा हे विचारा की दुरुस्ती नागपुरात होते की पाटी बाहेरगावी जाते, येण्याजाण्याचं भाडं कोणाचं, आणि फोन केल्यावर माणूस किती वेळात दुकानात येतो. उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. जीएसटी धरून की सोडून तेही त्याच कागदावर.

आणखी एक वस्तू मागा जी कोणी आपणहून देत नाही: स्क्रीनची कॉन्फिगरेशन फाइल. कोणती पाटी कुठे, कोणती चिप, कोणत्या क्रमाने चालते हे सगळं तिच्यात असतं. कार्ड बिघडलं आणि ती फाइल नसली की चित्राचे तुकडे होऊन दिसतात, आणि बसवणाऱ्याने तोवर धंदा सोडला असेल तर नवा माणूस दिवसभर अंदाज घेत बसतो. शेवटचा हप्ता ही फाइल पेनड्राइव्हवर हातात आल्यावर द्या. तिची एक प्रत गल्ल्यात, एक घरी.

चित्रं करून देणाऱ्या मुलाला स्क्रीनचं नेमकं माप कळवा: पी १.८६ मध्ये तुमची स्क्रीन १३७६ बाय ७७४ पिक्सेलची होते. त्याच मापात काम केलं तर कडा स्वच्छ येतात. मराठी अक्षरं बारीक करू देऊ नका. इंग्रजीला जेवढ्या उंचीत भागतं तेवढ्यात आपलं भागत नाही, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार. ‘वऱ्हाडी लग्नासाठी’ असं वीस पिक्सेलमध्ये लिहिलं तर त्या ‘ऱ्ह’चा आकडा गायब होतो आणि ‘वहाडी’ वाचलं जातं. मधल्या अक्षराची उंची ४० पिक्सेल ठेवली की ती सुमारे तीन इंच भरते, दारातूनही वाचता येते.

राहिला रंग, आणि साडीच्या दुकानात मी याला पिचपेक्षा वर ठेवतो. एलईडीचे रंग मुळातच भडक असतात आणि पुष्कळ स्क्रीन कारखान्यातून निळसर पांढऱ्यावर येतात. तशीच चालवली तर राणी रंग जांभळा दिसेल आणि टसरचा मधाळ रंग राखाडी. ग्राहक स्क्रीनवर बघून साडी मागेल आणि घडी उलगडल्यावर ‘ही ती नाही’ म्हणेल. बसवणाऱ्याला पांढरा ६५०० केल्व्हिनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, आणायला सांगा, मग खरी साडी स्क्रीनच्या शेजारी धरून, दुकानाचे दिवे चालू ठेवून, रंग जुळेपर्यंत त्याला सोडू नका. या कामाला डेमोलाही आणि बसवतानाही मामंजींना सोबत न्या. इतवारीतल्या त्या पिढीची माणसं साडी एकदा दिव्याखाली बघतात आणि एकदा दारात उजेडात नेऊन बघतात. स्क्रीनवरचा टसर खरा उतरला की नाही, हे त्यांनाच विचारा.